हरणीचा खांदा

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात वस्ताद होणं अवघड होतं, पण वस्तादाचा तोरा मिरवणं सोपं होतं. आवाज मोठा पाहिजे, फेटा तिरका पाहिजे आणि कुणी वाकलं की पाय पुढं करता आला पाहिजे. मला तिन्ही झकास जमायचं. शिवाय निसटलेला सांधा बसवण्यात पेठेत माझा हात धरणारा कुणी नव्हता. निदान मी तसं सांगत होतो, आणि ‘पिराजी वस्ताद, हे खोटं’ असं म्हणायची माझ्या तालमीतल्या एकाही पहिलवानाची छाती नव्हती.

खासबागेचं मैदान नुकतंच बांधून झालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. माझ्याकडं हरणी नावाची कुत्री होती. लांब पायांची, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी. तिच्यावर माझा फार जीव. पहिलवानांना खुराकाचा हिशेब विचारणारा मी, स्वतःच्या वाटणीचं दूध तिला चोरून पाजायचो.

एका सकाळी रंकाळ्यापलीकडच्या माळावर मी चिंध्यांचा चेंडू फेकत होतो आणि ती पळत जाऊन आणत होती. दहाबारा वेळा झालं असेल, आणि मग ती चेंडू तोंडात धरून तीन पायांवर उड्या मारत आली. पुढचा उजवा पाय वरच्या वर.

“खांदा निसटलाय,” मी लांबूनच सांगून टाकलं.

तालमीला लागूनच गौस नालबंदाचं दुकान. घोड्यांना नाल मारण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. लंगडणारी हरणी बघून त्यानं विचारलं, “वस्ताद, तळवा बघितलासा का?”

“खांद्याचं दुखणं तळव्यात कशाला बघू?”

“घोडं लंगडलं तर मी पयलं खूर उचलून बघतो.”

“कुत्र्याला खूर असतंय व्हय, गौसभाई?”

तालमीतली पोरं खो खो हसली आणि मी मिशीवरून हात फिरवला. तळवा न बघण्याचं खरं कारण मला माहीत होतं. चारचौघांत कुत्र्याचे पाय धरायचे? सगळी पेठ ज्याचे पाय धरते, त्यानं? गौसचं काय, त्याचा धंदाच पाय धरायचा.

तीन दिवस मी हरणीचा खांदा चोळला. तेल झालं, आंबेहळदीचा लेप झाला, वर फडक्याची घट्ट पट्टी झाली. ती कोपऱ्यात बसून सारखी पंजा चाटायची. मी सगळ्यांना समजावून सांगितलं, “बघा, दुखणं खांद्यातनं खाली उतराय लागलंय. औषध लागू पडतंय की!” पोरांनी माना डोलावल्या.

तिसऱ्या दिवशी तिनं दुधाला तोंड लावलं नाही. मी वाटी पुढं सरकवली, तिनं मान फिरवली. आता ही जगत नाही, असं मनात आलं. मी घाबरलो की ओरडतो, ही माझी जुनी खोड. “गौसभाई, सळई तापवा! खांद्यावर डाग देतो!”

गौस भात्यापाशी बसला, पण त्याचं तोंड उतरलं होतं. “मुकं जनावर हाय, वस्ताद. एकदा पाय बघा की.”

“मला शिकवू नगा!”

डाग द्यायचा म्हटल्यावर निम्मी गल्ली गोळा झाली. कृष्णात पहिलवानानं हरणीला मागून धरलं. मी लालभडक सळई उजव्या हातात घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसलो. हरणी सुटायला धडपडली नाही की गुरगुरली नाही. तिनं शेपूट हलवलं आणि दुखरा पाय उचलून माझ्या डाव्या हातात दिला. तीन दिवसांनी का होईना, धनी पाय बघायला आला, असंच तिला वाटलं असणार.

मी सळई मागं घेतली. गौसनं ती काढून घेतली. गल्लीकडं माझी पाठ होती; मी पंजा उलटा केला. दोन बोटांच्या बेचक्यात, चिखलानं चिकटलेल्या केसांखाली सराटा रुतला होता. सगळ्या बाजूंनी टोकं असलेलं, हरभऱ्याएवढं काटेरी बी. नखानं उपसलं तसा पू आला, रक्त आलं, आणि हरणीनं लांब श्वास सोडला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हिला मी जाळायला बसलो होतो.

इथं तरी माणसानं सरळ वागावं की नाही? मी सराटा मुठीत दडवला, उठलो आणि गरजलो, “बसला खांदा! डागाची गरज न्हाय!”

“वा, वस्ताद!” गल्ली दणाणली. पहिलवान पाया पडायला रांगेनं वाकू लागले. ती संधी साधून मी सराटा हळूच मागं टाकला, आणि पहिल्याला ऐटीत पाय पुढं करताना दुसरा अनवाणी पाय मागं, नेमका त्या सराट्यावरच टेकला.

आई गं! मी एका पायावर नाचायला लागलो. वाकलेले पहिलवान वाकलेलेच राहिले.

“का वस्ताद,” गौसनं शांतपणे विचारलं, “तुमचाबी खांदा निसटला व्हय?”

गल्ली पोट धरधरून हसत होती. मी भिंतीला टेकून बसलो, तोंड लपवायला जागा नव्हती. हरणी लंगडत लंगडत आली. माझ्या खांद्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ खाली वाकली आणि माझा तळवा चाटायला लागली.