बर्फाच्या खाडीतली हाक

अलास्काहून परतून पंधरवडा उलटला तरी नरेशच्या कानातून ती हाक जाईना. सिंगापुरात, पाया लेबार भागातल्या ऑफिसात मीटिंग चालू असताना तो मधेच दाराकडे मान वळवायचा. दारात कुणी नसायचं.

तिथल्या चार-पाच मराठी कुटुंबांनी मिळून ती सहल केली होती. लहानशी बोट, दोन्ही अंगांना पाण्यातून सरळ वर गेलेले काळे कडे आणि खाडीच्या टोकाला समुद्रात उतरलेली निळसर हिमनदी. तिच्यासमोर कप्तानानं इंजिन बंद केलं, तशी सगळी आपोआप गप्प झाली. बर्फ तडकल्याचे आवाज तेवढे येत होते. आणि किनाऱ्यावरच्या धुक्यातून हाक आली, "नऱ्याऽऽ! थांब ना बे!"

हाक सगळ्यांनीच ऐकली. प्रतिध्वनीत मिसळलेले शब्द एकट्या नरेशला कळले. "माणूस आहे कुणीतरी," त्याचा मित्र सुबोध म्हणाला. कप्तानानं रबरी होडी उतरवून दोघा खलाशांना धाडलं. ते हात हलवत परत आले. तिथं ना वस्ती होती, ना वाट. नरेशनं ओ द्यायला तोंड उघडलं, पण चारचौघांत लाज वाटली. बोट वळली.

त्याला नऱ्या म्हणणारा एकच होता, थोरला भाऊ गणपत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो नागपुरात ऑक्सिजनवाचून गेला. शेवटच्या फोनवर त्याला धड नावही घेता आलं नव्हतं, नुसती धाप ऐकू येत होती. नरेशला जाता आलं नाही. अंत्यविधी त्यानं फोनच्या पडद्यावर पाहिला.

"आईंना सांगून टाक एकदा," त्याची बायको दीक्षा म्हणाली. "किती दिवस असा दचकत राहणार?"

"आईला? ती मलाच झापेल."

त्याची आई सरलाबाई गणपत गेल्यापासून त्यांच्याकडेच राहत होत्या. भूत नाही, आत्मा नाही, हे त्यांनी दोन्ही मुलांना लहानपणापासून शिकवलं होतं. रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपून त्या मेथी निवडत बसल्या होत्या, तेव्हा नरेशनं सगळं सांगितलं.

"आपण असलं मानत नाही बाबू," त्या म्हणाल्या. मग हातातली काडी तशीच राहिली. "धाप लागली होती का रे त्याले?"

"नाही आई. मोकळा आवाज होता. कड्यावर आदळून परत आला."

"मले ऐकव."

"आई, काहीतरीच काय..."

"ऐकव म्हणते ना."

नरेश उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला. घशातून निघालेला आवाज त्याचा नव्हता. दीक्षा आतून धावत आली. "कोण आलंय?" म्हणाली, आणि नरेशचा चेहरा पाहून दारातच थबकली.

सरलाबाईंनी डोळे मिटले होते. "ओ रे, राजा," त्या हळूच म्हणाल्या.

त्यानंतर नरेशला हाक आली नाही. पण अधूनमधून कामात असताना सरलाबाई थांबतात, मान वर करतात आणि अगदी सहज 'ओ' देतात. घरात कुणी त्यांना काही विचारत नाही.