आठवी जागा

आर्लिसने कोट काढायच्याही आधी दारातच मर्विनला गाठलं. मर्विन म्हणजे पुकारणारा. माइक धरून तो तालावर चाली सांगायचा आणि हॉलभर आठ-आठ जणांचे चौक त्या ऐकत नाचायचे.

"वेंडलच्या जागी कुणीही उभं राहणार नाही. आधीच सांगून ठेवते," ती म्हणाली.

"अगं, कोण राहील? रीतच आहे ना ती. गेलेल्या माणसाचा चौक सातांनीच नाचायचा. तू फक्त पाय सांभाळ."

तिचा नवरा वेंडल गेल्या महिन्यात गेला. गॅरेजमध्ये गाडीची बॅटरी बदलत होता, शेजाऱ्याला हाक मारून त्याने पाना मागितला, आणि शेजारी पाना घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. आजारपण नाही की निरोप नाही. दर रविवारी हॉलमधल्या एकेकाशी बोलल्याशिवाय ज्याचा पाय निघत नसे, ज्याच्यापायी आर्लिस कोट घालून गाडीत ताटकळत बसायची, तो माणूस असा न सांगता निघून गेला. तिला त्याचा भयंकर राग आला होता. अजूनही होता.

आणि लोकांना भलतीच घाई. जत्रेतल्या नाचासाठी मंडळाने त्याच्या जागी दुसरा गडी बघितलासुद्धा. त्याची शिडी शेजाऱ्याकडे गेली, बूट पुतण्याकडे. निदान ही एक जागा, एका नाचापुरती, तिला रिकामी हवी होती. त्यासाठी आठवडाभर ती स्वयंपाकघरात फ्रीजचं हँडल धरून चाली घोकत होती.

मर्विनने वेंडलचं नाव घेतलं. सात जण हॉलच्या मधोमध उभे राहिले. समोर वेंडलची बहीण जोलीन आणि तिचा नवरा. आर्लिसच्या डाव्या हाताला कुणी नव्हतं. तिने तो हात हवेत पुढे धरला.

संगीत सुरू झालं आणि भिंतीकडच्या खुर्च्यांमधून एक माणूस धावत येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

सगळा हॉल दचकला. तो रसेल होता, ट्रक दुरुस्त करणारा. वेंडलने त्याला पेट्रोल पंपावर गाठून, गोड बोलून नाचायला आणलं होतं. यायला लागून त्याला जेमतेम दोन महिने झाले असतील.

"ए बाबा, अक्कल आहे का?" जोलीन ओरडली. "ती जागा माझ्या भावाची आहे!"

"मला वाटलं... माणूस कमी आहे." रसेलचे कान लाल झाले. "चौक कमी पडला की विचारत बसायचं नाही, पळत जायचं, असं सांगितलं होतं मला."

"जा. जाऊन बस," आर्लिस म्हणाली.

तो गेला. मर्विनने संगीत पुन्हा लावलं. पहिल्या चाली नीट झाल्या. तिने हवेशी हात मिळवला, हवेभोवती गिरकी घेतली. मग एकेकाचा हात धरत, सोडत गोल फिरायची चाल आली आणि तिला कळेना, आता कुठे? नेहमी या ठिकाणी वेंडलचं कोपर तिला हळूच ढोसायचं. इतकी वर्षं ती स्वतःला पट्टीची नाचणारी समजत होती. ती उलटी वळली, जोलीनच्या नवऱ्यावर आदळली आणि चौक मोडला.

मर्विनने संगीत बंद केलं. गेलेल्याचा चौक मोडलेला या हॉलमध्ये कुणी पाहिला नव्हता. आर्लिस मोकळ्या जागेकडे बघत राहिली. वेंडलने कधी चौक अपुरा उभा राहू दिला नव्हता. माणूस मिळाला नाही, तर आत जेवणाची भांडी मांडणाऱ्या बायकांना तो ओढून आणायचा.

तिने हात वर केला आणि एक बोट दाखवलं. एक माणूस हवाय, याची ती खूण.

कुणी हललं नाही.

"अगं, हात खाली घे," जोलीन कुजबुजली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दादाची जागा आहे ती."

"त्याचीच आहे. म्हणून तर."

हात भरून आला तरी तिने तो खाली घेतला नाही. रसेल मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"रसेल! चौक कमी पडला की पळत जायचं, हे कुणी सांगितलं होतं तुला?"

त्याने भीत भीत वर पाहिलं. "वेंडलने."

"मग बसलायस काय? पळ!"