चौकटीबाहेरचा प्रश्न

शाळेच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला मतदानाचा धडा मी लिहिलेला. माझ्या लेकीने तो तोंडपाठ करून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आज तिचं पहिलं मतदान. चपला घालता घालता तिने विचारलं, “आई, मत कुणाला देऊ गं?”

“अगं, धड्यात सगळं दिलंय की!”

“वय दिलंय, मतपेटीचं चित्र दिलंय. उमेदवार पारखायचा कसा, ते कुठंय?”

ते एका चौकटीत होतं. त्यावर परीक्षेला प्रश्न काढता येईना, म्हणून छपाईआधी मीच ती चौकट उडवली होती.

आता समजावत बसावं, तर मतदान संपायला अर्धा तास उरलेला. मी नाव सांगून टाकलं. लेकीने ते दोनदा घोकलं आणि निघाली.