अर्माच्या हाताचे माप

एखादी वस्तू एका माणसाच्या देहाच्या मापाने घडवावी आणि तो माणूसच उरू नये, तर ती दुसऱ्याच्या मापात आणावी की नाही, याचा निर्णय शास्त्रे देत नाहीत. तो ज्याचा त्यालाच करावा लागतो. पेनसिल्व्हेनियातील आमच्या डोंगरात हार्लनवर तो प्रसंग आला.

युद्धातून उरलेली एक लष्करी रायफल त्याने टपालाने मागवली होती. तिचा खांद्याला टेकवायचा अवजड अक्रोडी दस्ता स्वयंपाकघरातल्या टेबलावर तासून, घासून तो पत्नीसाठी, अर्मासाठी, तयार करीत होता. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत बर्फ असते. म्हणून माप घेताना त्याने तिला भर जुलैत जाड लोकरी कोट घालायला लावला होता.

"अहो, हरणाआधी मलाच भाजणार की काय!" घाम पुसत ती म्हणाली होती. दस्त्याचे टोक तिच्या कोपराच्या खोबणीत, बोट चापावर. त्याने दस्ता दीड इंच कापला.

सप्टेंबरात ती गेली. तरी दर आठवड्याच्या ठरल्या दिवशी तो दस्त्याला जवसाचे तेल चोळत राहिला. तळहात तापत, त्याला ते जाणवत नसे.

शिकार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी अर्माचा भाऊ लमार आला.

"दाजी, अजून तेलच? लोणचं घालताय का बंदुकीचं?"

हार्लन तेल चोळतच राहिला. स्वतःची रायफल त्याने मुलाला देऊन टाकली होती आणि अर्मासाठी कापलेली ही त्याला स्वतःला तोकडी पडत होती.

"कापलेला तुकडा आहे ना? चिकटवा परत. उद्यापर्यंत वाळेल."

हार्लनने खणातून तुकडा काढला, टोकाला लावून पाहिला. लाकडाच्या रेषा तंतोतंत जुळल्या.

"बघा, जमतंय की!"

"चिकटवला की तिचं माप गेलं," हार्लन म्हणाला. आवाजात काहीच नव्हते.

टेबलावरचे सरसाचे भांडे त्याने झाकले. खुंटीवरचा अर्माचा कोट काढला, घडी घालून खांद्यावर ठेवला आणि रायफल त्यावर टेकवली. उणे पडलेले दीड इंच कोटाने भरून काढले. बोट सहज चापावर आले.

"ताईचा कोट खांद्यावर टाकून हिंडलात, तर हरणंसुद्धा हसतील हो."

"हसू देत."

"मग पहाटे पाचला येतो. कॉफी मी आणतो, तुमची नको. पिववत नाही."

त्या बर्फात दोघांचीही पावले स्थिर राहोत. आणि जिने उकाड्यात तो कोट अंगावर घेतला, तिला शांती लाभो.