कातडं घेऊन यायचं

त्या सकाळी म्हाताऱ्याने मला अंगणात उन्हाला ठेवले आणि माझ्या कातडी वाद्यांना चरबी चोळायला घेतली. मी एक जुनी, बुटकी, लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. माझी बैठक गाईच्या कातड्याच्या वाद्यांनी विणलेली आहे. चरबी लागली नाही, तर त्या वाद्या आमच्या बोत्स्वानाच्या कोरड्या हवेत तडकतात.

कुंपणापलीकडून शेजारी दिन्तवे ओरडला, "अरे बोइपेलोच्या बापा, बायकोच्या डोक्याला कधी एवढं तेल लावलं होतंस का?"

"तिच्याकडे हात नेला की ती हातावर मारायची. ही गप्प बसते," म्हातारा म्हणाला. "शनिवारी पोरगी येतेय. ती हिच्यावरच बसते."

"मागच्या शनिवारीही येणार होती."

"कंपनीत कामं असतात रे."

"असणारच. आमची तहानलेली गुरं तेवढी कुणाच्या कामात बसत नाहीत."

ज्वारीच्या लापशीवर आंबट दूध ओतून म्हाताऱ्याने माझ्यावर बसून ती खाल्ली, बोट फिरवून वाडगा चाटला आणि मला गाढवगाडीत घालून गुरांच्या वाडीकडे निघाला. आमच्या आयुष्यातली ती शेवटची साधी सकाळ होती.

माझा जन्म एका मरणातून झाला. आमच्याकडे माफिसा नावाची रीत आहे. ज्याच्याकडे गुरे जास्त, तो आपली गाय दुसऱ्याला सांभाळायला देतो. दूध सांभाळणाऱ्याने प्यायचे, गाय मात्र मालकाचीच. आणि गाय मेली, तर तिचे कातडे घेऊन मालकाच्या दारात जायचे आणि ते आपल्या तोंडाने सांगायचे. म्हातारा तरुण असताना एका दुष्काळात त्याने अशी सांभाळायला घेतलेली एक करडी गाय मेली. तिचे कातडे खांद्यावर टाकून तो मालकाकडे चालत गेला. मालकाने कातड्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "जो कातडं घेऊन येतो, त्याच्याकडे दुसरी गाय द्यायला भीती नाही." त्याने गाय दिली आणि कातडेही दिले. त्या कातड्याच्या वाद्या कापून म्हाताऱ्याने मला विणले.

पुढे मी त्याच्याबरोबर खोत्लात जाऊ लागले. खोत्ला म्हणजे गावाच्या बैठकीचे आवार. तिथे ज्याने त्याने आपली खुर्ची घेऊन यायचे. छोटी बोइपेलो माझा पाय धरून उभी राहायला शिकली. ती मोठी होत असताना जवळच हिऱ्यांची खाण सुरू झाली. देश आणि कंपनी तिचे भागीदार होते. त्याच भागीदारीच्या पैशावर बोइपेलो शिकली, परदेशी जाऊन आली आणि कंपनीतर्फे गावाशी बोलणारी अधिकारी झाली. म्हाताऱ्याची छाती इतकी फुगली, की माझी पाठ करकरायला लागली!

मग खाण वाढवायची ठरली. जमिनीखालचे पाणी उपसल्याशिवाय खाली खणता येत नव्हते. परवानगी मागायला सरकारी साहेब आणि कंपनीचे साहेब खोत्लात आले. डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल अशी बोइपेलो त्यांच्याबरोबर उभी होती. दवाखाना, शाळेच्या नव्या खोल्या, मुलांना हिऱ्याला पैलू पाडण्याचे शिक्षण, असे सगळे तिने सांगितले. लोक खूश झाले. तेव्हा म्हातारा माझ्यावरून उठला.

"ही भागीदारी चांगली आहे. माझी मुलगी तिच्यामुळे शिकली, मी नाही कसं म्हणू? पण पाणी आमचं आहे. ते आम्ही तुम्हाला माफिसा देतोय. दूध तुम्ही प्या. पण विहीर मरायला लागली, तर कातडं घेऊन या. रिकामी बादली वर ओढून आम्हाला कळायला नको."

लोक हसले. बोइपेलोने साहेबांना अर्थ समजावला. त्यांनी मान हलवली.

"कबूल आहे," ती म्हणाली.

"मान कुणीही हलवेल, पोरी. येणार कोण?"

"मी येईन, बाबा."

त्या शब्दावर गावाने हो म्हटले.

कंपनीने दवाखाना बांधला. खोल्या बांधल्या. पोरांना कामे मिळाली. खोटे का बोलू? पण वाडीवरच्या विहिरीचा दोर लांबत गेला. एक तुकडा जोडला, मग दुसरा. म्हातारा मला रस्ता दिसेल अशा बेताने झाडाखाली मांडायचा.

"तुझी पोरगी कातडं विसरली," दिन्तवे टोमणा मारायचा.

"विसरली नाही. आली नाही, म्हणजे गाय अजून जिवंत असेल."

बोइपेलो घरी यायची. साखर आणायची, घोंगडी आणायची. एकदा तिने पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. म्हाताऱ्याने ती पाहुण्यांना ठेवली. बोइपेलो माझ्यावर बसून सगळे बोलायची. विहिरीबद्दल मात्र कधीच नाही. तोही विचारत नसे. विचारले असते, तर तिचा शब्द मोडला हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागले असते.

मला चरबी चोळली त्या शेवटच्या दिवशी वाडीवर बादलीत चिखल आला. म्हाताऱ्याने तो बोटांनी चाचपला, बादली पायाशी ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून माझ्यावर बसला. सावली सरकत गेली. संध्याकाळी दिन्तवे हाका मारत आला. त्या हाका म्हाताऱ्याला ऐकू गेल्या नाहीत. त्याचे वजन अजून माझ्यावरच होते.

बोइपेलो शनिवारी आली. त्याच पहाटे तिच्यासमोर त्याला पुरले. कंपनीने मांडव पाठवला आणि आलेल्या माणसांसाठी पाण्याचा टँकर पाठवला. टँकरचे पाणी पिताना दिन्तवे रडला.

त्यानंतर मी भिंतीशी पडून राहिले. कोंबड्या माझ्यावर चढत. वाद्या कडक झाल्या, एक तुटलीही. मित्रांनो, तुमच्या घरीही अशी एखादी जुनी वस्तू असेल. तिला अधूनमधून हात लावत जा. आणि कुणाला शब्द दिला असेल, तर त्यालाही. वादी असो की शब्द, नुसते ठेवून दिले की आतून तडकतात आणि वरून कळत नाही.

एका सकाळी बोइपेलोने मला उचलले. तिने मला चरबी चोळली. तुटक्या वादीपाशी तिची बोटे बराच वेळ थांबली. मग मला डोक्यावर घेऊन ती खोत्लात गेली. नव्या करारासाठी साहेब लोक आले होते आणि तिची जागा त्यांच्या शेजारी राखलेली होती. ती तिथे गेली नाही. तिने मला म्हाताऱ्याच्या जागी मांडले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. माझ्या रिकाम्या बैठकीकडे पाहत ती मोठ्याने बोलू लागली.

"बाबा, विहीर मेली. ती मरतेय हे मला माहीत होतं. पाणी मोजणारे येऊन मला सांगायचे. दर वेळी वाटायचं, अजून थोडं आहे, पुढच्या खेपेला सांगू. तुम्ही रस्त्याकडे बघत बसता, हेही माहीत होतं." तिने दोन्ही हात माझ्या वाद्यांवर ठेवले. "हे कातडं, बाबा. मी घेऊन आले."