गाडीला थेंब लागला नाही

सगळे त्याला डागदर म्हणत. डागांचा डॉक्टर म्हणून डागदर. लाँड्रीचं दुकान होतं त्याचं, आणि हाताला गुण असा की शाई असो, गंज असो, नाहीतर कॉलरवरचा जुनापुराणा घाम असो, डागदर कपडा उजेडात धरायचा, नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "गरम पाणी लावलंत ना याला? तरी म्हटलं! आता बसला तो पक्का." गिऱ्हाईक बिचारं मान खाली घालून उभं राहायचं. असला माणूस घरी कसा वागत असेल, ते विचारूच नका. कपाखाली बशी, बशीखाली कापड, आणि ते कापड तिरकं पडलं तर चहा तसाच ठेवून आधी ते सरळ करणार. बायकोने हौसेने आणलेले पडदे त्याने इतक्यांदा धुतले की त्यांचा मूळ रंग कुठला, यावर मायलेकी पैजा लावायच्या.

आणि गाडी! गाडीचं तर नावच काढू नका. आधी सीटवर टेकायचं, पाय बाहेरच ठेवायचे, चपला एकमेकींवर आपटायच्या आणि मग पाय आत घ्यायचे. आत खाणं बंद. पाणी प्यायचं तर गाडी थांबल्यावर. "बाबा, आपण बसतोय कुठे, गाडीत की काचेच्या कपाटात?" असं मुलगी लहानपणी विचारायची. बायको मात्र हसायची आणि चपला आपटायची. तिने कधी वाद घातला नाही. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, असं धरून चालणारी माणसं जगात भरपूर आहेत. हा त्यांच्यातलाच.

मग एका दुपारी दुकानात बायकोचा फोन आला. पोटात भयंकर कळ उठली होती. तो गाडी घेऊन घरी धावला, खोटं कशाला बोला, अगदी धावला. ती दाराला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक, अंगावर लोकरीची शाल. "मळमळतंय हो," ती म्हणाली. आणि या शहाण्याने काय करावं? डिकी उघडली, प्लॅस्टिकचा मोठा कागद काढला आणि सीटवर नीट चारी बाजूंनी खोचून अंथरला. तोवर ती तशीच उभी.

वाटेत ती म्हणाली, "बाजूला घ्या, मला होतंय." मागेपुढे गाड्या, बाजूला घ्यायला जागा नाही. "अगं खिडकी! खिडकीतून बाहेर! सीट सांभाळ!" तो ओरडला. खिडकी गाठण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने खांद्यावरची शाल ओढली, दोन्ही हातांनी मांडीवर तिची झोळी केली आणि त्यात ओकली. दोनदा. इकडेतिकडे काही गेलं नाही.

त्याने तिरक्या नजरेने पाहिलं आणि म्हणाला, "शाबास! गाडीला थेंब लागला नाही."

असं म्हणाला तो. कळांनी अर्धमेल्या झालेल्या बायकोला. आणि म्हणताना त्याला त्यात काही वावगं वाटलंसुद्धा नाही. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, शालीची टोकं आत दुमडून गच्च गाठोडं केलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मुलगी परगावाहून आली आणि आईच्या उशाशी बसली. डागदरला ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी जा. इथे तुम्ही नुसते खिडकीच्या काचा पुसताय."

घर खायला उठलं. करायला काही नाही, म्हणून त्याने शाल काढली. लोकर म्हणजे मानी माणूस, गरम पाणी दाखवलं की आखडलाच. म्हणून पाणी गार, साबण सौम्य. चोळली नाही, नुसती तळव्याने दाबत राहिला. पिळली नाही, टॉवेलात गुंडाळून ओल टिपली आणि सावलीत आडवी पसरली. इतक्या मायेने त्याने त्या दुपारी बायकोच्या पाठीवरून एकदा हात फिरवला असता तर! पण ते तेव्हा सुचायला हवं होतं.

मग गाडी. गाडीत काही पडलंच नव्हतं, तरी त्याने मॅट काढून झटकल्या, सीटा मागे सारल्या आणि व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद तोंडाची नळी फटीफटीतून फिरवली. त्याच्या बाजूला खडखड करत काय काय वर आलं. सुटी नाणी, पेनाचं टोपण, खोकल्याच्या गोळ्यांचे कागद. म्हणजे नियम करणाराच गोळ्या चघळत होता, बरं का! मग नळी तिच्या सीटखाली घातली. नळी नुसती घोंघावत राहिली. धूळसुद्धा नाही. घरात जिच्या केसांच्या पिना उशीखाली, पुस्तकात, अगदी पिठाच्या डब्यातही सापडायच्या, तिची एक पिन नाही की एक केस नाही. "बघा, किती टापटीप!" त्याच्या मनात आधी हेच आलं. मग तो तिथेच उकिडवा बसून राहिला, मशीन चालूच. इतकी वर्षं एक माणूस या सीटवर बसत होतं, आणि कुणी बसल्याची खूण म्हणून नव्हती. "शाबास" हा त्याचाच शब्द त्याला आता पहिल्यांदा धड ऐकू आला, आणि लाजेने त्याचे कान तापले.

त्यानंतर त्याला एकच हवं होतं. घरी येताना तिने आपल्या शेजारी बसावं, हवं तसं बसावं, आणि त्याने तिची माफी मागावी. गाडी चालवताना समोर बघत बोलता येतं, ते त्याला सोपं गेलं असतं.

शाल घेऊन तो हॉस्पिटलात गेला. "अगदी नवी दिसतेय, बाबा!" मुलगी म्हणाली. बायकोने शालीवरून बोट फिरवलं आणि ती परत केली.

"कुणाला तरी देऊन टाका."

"अगं, डाग पार गेलाय."

"गेला ना? मग द्या कुणालाही." मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी वाटलं होतं, आता काही मी वाचत नाही. आणि मनात काय आलं माहीत आहे? इथे मेले तर सीट खराब होईल."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडल्यावर काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, दुकानात निघून जायचं. त्याने तिचा हात धरला. "चुकलं गं माझं. फार चुकलं."

"असू द्या," ती म्हणाली. हे "असू द्या" त्याने आयुष्यभर ऐकलं होतं, आणि दर वेळी ते माफी समजून खिशात घातलं होतं.

घरी सोडलं त्या दिवशी तो हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी लावून उभा होता. प्लॅस्टिक नाही, पाठीला उशी, हाताशी पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा. "ये. चपला आपटू नकोस, तशीच ये. खा, सांड, काय हवं ते कर." ती मुलीच्या आधाराने गाडीच्या दारापर्यंत आली आणि थांबली. सीटकडे बघता बघता तिच्या कपाळावर घाम आला.

"मला नाही जमायचं हो. टॅक्सी बोलवा."

"अगं, मी काही म्हणणार नाही!"

"तुम्ही नाही म्हणणार. पण तिथे बसले की माझं अंगच आकसतं. टाके ताणतील."

मुलीने टॅक्सी बोलावली. आली ती अशी की बघवेना. पायाशी वाळू, चुरा, सीट फाटकी आणि तिच्यावर भलामोठा डाग, दुधाच्या चहाचा, जुना, गरम पाण्याने पक्का केलेला. डागदरचा हात सवयीने रुमालाकडे गेला. त्याने तो खिशातच दाबून धरला. बायको मुलीसोबत आत बसली, अंग सैल सोडून. तो आपली लखलखीत रिकामी गाडी घेऊन टॅक्सीच्या मागून निघाला.

घरासमोर टॅक्सी थांबताच तो दार उघडायला धावला, तर मुलीने आतून ओठांवर बोट ठेवलं. बायको गाढ झोपली होती. मान मागे टेकलेली, तोंड उघडं, चक्क घोरत होती.

"गाडीत झोपली?" त्याने कुजबुजत विचारलं.

"आई झोपतेच की. माझ्या गाडीत तर पहिलं वळण ओलांडायच्या आत."

"आपल्या गाडीत कधीच नाही झोपली."

मुलीने आईच्या केसांवरून हात फिरवला. "केसांना तेल असतं ना तिच्या, बाबा. तुमच्या सीटला डोकं टेकवत नाही ती."

रात्र रात्र केलेले लांबचे प्रवास त्याच्या डोळ्यांसमोर आले. ती शेजारी ताठ बसलेली, मान सीटपासून चार बोटं पुढे. "आमची ही डोळ्याला डोळा लावत नाही, मला सोबत करते," असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा. त्याला रडू फुटलं. ते त्याने तिथेच, रस्त्यावर, कसंबसं गिळलं.

"उतरायचं ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"नको, एवढ्यात नको," डागदर म्हणाला. "जरा फिरवून आणा तिला. सावकाश, खड्डे चुकवत."

"कुठे नेऊ?"

"कुठेही न्या. ती जागी होईपर्यंत."

टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली. तो फाटकाशी तसाच उभा राहिला.