गुरुवारपर्यंतचा शहा

"आम्ही, पृथ्वीवरील ईश्वराची सावली, सात प्रदेशांचे स्वामी, सफवी कुळाचे दीपक, समस्त इराणचे शहेनशहा, आज्ञा करतो की..."

"पाय उचला," राजवाड्यात झाडलोट करणारी कोकबमावशी म्हणाली. "गालिचा झाडायचाय."

शहेनशहांनी पाय उचलले.

इस्फहानच्या तख्तावर बसलेला हा माणूस एरवी नगरपालिकेत पाण्याची मीटरं वाचत असे. नाव यदुल्ला. सफवी घराण्याची जुनी चाल होती. ज्योतिष्याने शहांवर घात सांगितला की तीन दिवस दुसऱ्याच कुणाला तरी तख्तावर बसवायचं, म्हणजे ग्रहांना जे काय करायचं ते त्याचं करतील. चौथ्या दिवशी त्याचं डोकं उडवायचं, म्हणजे ग्रहांचंही समाधान. पुढे वीज आली, मोटारी आल्या, मोबाइल आले. घराणं टिकलं तशी चालही टिकली. फक्त सरकार दयाळू झालं. हल्ली चौथ्या दिवशी डोक्याऐवजी खरबूज कापतात, आणि ते बदली शहाला घरी न्यायला मिळतं.

यदुल्लाची निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली होती. राजवाड्याचं मीटर वाचायला तो वाकला असताना एका अधिकाऱ्याला वाटलं, मुकुट या डोक्याला नेमका बसेल. बसला. तेव्हापासून ग्रह बिघडले की दारात काळी मोटार हजर. नको म्हणायची सोय नव्हती, कारण नको म्हणणं म्हणजे शहांचं वाईट चिंतणं. आणि ग्रह अलीकडे वरचेवर बिघडत. कॅस्पियनमध्ये मासे चांगले लागले की हमखास. खरे शहा आत्ताही गळ घेऊन तिकडेच होते.

बदली शहाला अधिकार सगळे होते. फक्त गालिच्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. संडासापर्यंत एक पट्टी अंथरलेली होती. कारभारात एवढा विचार होता.

आज गुरुवार, तिसरा दिवस. आणि आज दिवेलागणीला यदुल्लाच्या एकुलत्या एका मुलीचं, नस्तरनचं, लग्न होतं.

"मघाशी काय आज्ञा होत होती, हुजूर?" दरबारप्रमुख मुशीर कमरेत वाकून म्हणाले.

"आम्हाला तासभर घरी सोडावं, अशी."

"शिरसावंद्य."

मुशीर जागचे हलले नाहीत.

"मग?"

"आज्ञा मानली आहे, हुजूर. अंमल खरे शहा परतल्यावर."

"मग गालिचा तरी घरापर्यंत अंथरा."

मुशीरांनी यावर खरोखरच विचार केला. "गालिचे आहेत हो. पण मधे नदी आहे. पूल लांब, आणि त्यावरून शेळ्या जातात."

तेवढ्यात दिवे लागले आणि कोकबमावशीने बुरख्यासारख्या पांघरलेल्या चादरीत फोन वाजला. तिने तो काढून कानाला लावला आणि ओरडली, "अक्दस, बोल गं! हा काय, बसलाय इथे. नुसता बसलाय."

बायकोचं नाव ऐकून यदुल्लाने हात पुढे केला. मुशीर मधे आले.

"हुजूर, आपण बोललात की फर्मान होतं. 'लग्नाला परवानगी आहे' एवढं म्हणालात, तर देशातल्या समस्त मुलींना ती लागू होईल. उद्या बापांचे मोर्चे येतील."

"मी तिचा बाप आहे!"

"ते यदुल्ला. ते सध्या नाहीत."

"नसायला काय झालंय मेल्याला?" मावशीने विचारलं. तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो गालिच्याच्या कडेवर ठेवला. "ऐकायला तरी बंदी नाही ना?"

ऐकायला बंदी नव्हती. पलीकडून लग्न लावणाऱ्या आखुंदांचा घाईतला आवाज आला. गुरुवार हा लग्नांचा वार असल्याने त्यांना अजून दोन लग्नं लावायची होती. नस्तरनखानम, मी तुमच्या वतीने होकार देऊ का?

पहिल्या दोन वेळा वधूने होकार द्यायचा नसतो. रीतीप्रमाणे बायकाच एका सुरात ओरडल्या, "वधू फुलं वेचायला गेलीय!"

आखुंदांनी पुन्हा विचारलं.

"वधू गुलाबपाणी आणायला गेलीय!"

तिसऱ्यांदा विचारलं. आता वधूने म्हणायचं असतं, वडिलांच्या परवानगीने, हो. यदुल्ला तख्ताच्या अगदी टोकाला आला.

"वधू..." अक्दसचा आवाज आला, "वधू पाण्याचं मीटर वाचायला गेलीय."

हशा पिकला. मग हशा ओसरला. वरमाय म्हणाली, "आता पुरे. मुलगा घामाघूम झालाय."

"बाबा बोलल्याशिवाय नाही," नस्तरन म्हणाली. हळूच, पण राजवाड्यात स्पष्ट ऐकू आलं.

"आगा यदुल्ला ऐकताहेत ना? मग सांगा काहीतरी," आखुंद म्हणाले. "नाहीतर मी निघतो. मला पुढच्या लग्नाला जायचंय."

यदुल्लाने मुशीरांकडे पाहिलं. मुशीरांनी मान हलवली. दाराशी दोन पहारेकरी होते. गालिच्याची कड पावलाभरावर होती आणि तिच्यापलीकडे साधी दगडी फरशी होती.

मग यदुल्ला खोकला.

परक्या घराच्या फाटकाशी मीटरवाले खोकतात तसा. आधी एकदा, मग लागोपाठ दोनदा. आत बायकामाणसं असली तर त्यांनी सावरून बसावं म्हणून. रोज संध्याकाळी स्वतःच्या दाराशीही तो तसाच खोकत असे.

"वडिलांच्या परवानगीने," नस्तरन म्हणाली, "हो."

टाळ्या आणि आरोळ्या फोनमधून उसळल्या. मुशीरांनी नियमांची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली.

"खोकण्याबद्दल नियमात काही नाही," शेवटी ते म्हणाले. "पुढच्या खेपेपर्यंत घालावं लागेल."

"पुढची खेप कधी?"

"ग्रहण आहे, हुजूर. पंधरवड्यात."

शुक्रवारी सकाळी मैदानात तुताऱ्या वाजल्या. नवरानवरी पहाटेच्या गाडीने तब्रीझला गेल्याचं मावशीने त्याला जाता जाता सांगितलं. मुकुट उतरवला गेला. कपाळावर त्याचा लाल वळ राहिला. चौथऱ्यावर खरबूज ठेवलं, त्याच्या शेजारी यदुल्लाला गुडघ्यावर बसवलं. जल्लादाने तलवार उचलली.

रीतीप्रमाणे मुशीरांनी विचारलं, "शेवटची इच्छा?"

यदुल्लाने खरबुजाकडे पाहिलं. या खेपेला जरा लहानच होतं.

"फोडी पातळ करा," तो म्हणाला. "घरी पाहुणे आहेत."